भट्टीतली अंजिरं

माझं माहेर अंजिराच्या मुलखातलं, सासवडजवळचं. घराच्या मागच्या दाराशी अंजिराची बाग होती. पण अंजिराच्या झाडाची दया म्हणून आली ती नोकरीला लागल्यावर, ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका रसायनांच्या कारखान्यात.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. शेतकी पदवी घेऊन मी लग्न केलं आणि वाशीच्या नव्याकोऱ्या फ्लॅटमध्ये राहायला आले. आमच्या सोसायटीला तेव्हा झाड असं नव्हतंच. खाडीवर भराव टाकून सपाट केलेली जमीन आणि तिच्यावर शेतकी पदवीधर बाई, म्हणजे मिठागरावर माळी. एवढ्यात या कारखान्याची जाहिरात आली. बागेसाठी सुपरवायझर हवा होता. 'हवा' असंच लिहिलं होतं, 'हवी' नाही. तरी मी गेले.

मुलाखतीला चार पुरुष होते. तिघांनी लॉन, कुंपण, खतं असं विचारून घेतलं. चौथे दळवीसाहेब, कारखान्याचे सर्वेसर्वा. ते खिडकीबाहेर बघत बसले होते. उठता उठता त्यांनी सहज विचारलं, "माहेर कुठलं तुमचं?"

"सासवडकडचं, सर."

साहेब खुर्चीत सरळ झाले. "म्हणजे अंजिराचं!"

माझी नोकरी तिथंच पक्की झाली. बाकी तिघांनी पुढचे प्रश्न विचारले ते केवळ चहा यायचा होता म्हणून.

नंतर कळलं ते असं. यंत्रं खरेदी करायला साहेब इंग्लंडला गेले होते. तिथल्या यजमानाच्या घरामागे काचघर होतं आणि त्या काचघरात अंजिराचं झाड. बाहेर गारठा, आत ऊब, आणि यजमानानं स्वतःच्या हातानं तोडून दिलेलं पिकलं अंजीर. ती चव साहेबांच्या जिभेवर बसली. वास्तविक सासवडला एसटीनं गेले असते तरी काम झालं असतं. पण साहेबांना अंजीर नको होतं, काचेतलं अंजीर हवं होतं. परत आल्यावर त्यांनी कारखान्याच्या वर्कशॉपला हुकूम सोडला, आणि मी रुजू होईपर्यंत कॅन्टीन आणि पाण्याची टाकी यांच्यामध्ये लोखंडी अँगलांचं, चारी बाजूंनी आणि वरून काचेचं असं एक घर उभं होतं. हरितगृह हा शब्द तेव्हा आमच्या कानावर नव्हता.

"सर," मी पहिल्याच दिवशी म्हटलं, "आमच्याकडे अंजीर उघड्यावर येतं."

"तेच तर," साहेब म्हणाले. "उघड्यावर कुणीही आणेल."

ज्यांना या धंद्यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. काचघराचं काम एकच, ऊन आत घ्यायचं आणि ऊब बाहेर सोडायची नाही. ज्या देशात ऊन पाहुण्यासारखं येतं तिथं ते वरदान. आमच्याकडे ऊन जातच नाही. अंजिराला कोरडी उष्णता आवडते हे खरं, पण रात्री थोडा गारवा लागतो, आणि तो सासवडच्या डोंगराळ भागात मिळतो. खाडीकाठी रात्रसुद्धा ओल्या फडक्यासारखी अंगाला चिकटते. त्यात अंजिराचे लाड फार. फूल असतं ते फळाच्या पोटात, बाहेर दिसतच नाही. कच्चं तोडलं तर ते पुढे पिकत नाही. मान मऊ पडून फळ खाली झुकलं की त्याच सकाळी काढायचं, दुपारी त्याचा लगदा. देठातून पांढरा चीक येतो, तो हाताला लागला की आग होते. उन्हाचा कडाका वाढला तर साल चामड्यासारखी होते आणि आतला गर धरतच नाही.

काचघराचा एक फायदा मात्र होता, तो प्रामाणिकपणे सांगते. पावसाळ्यात अंजिराच्या पानांवर तांबेरा पडतो. आमच्या झाडांवर पाऊसच पडत नव्हता, त्यामुळे चार महिने ती अशी तुकतुकीत की माझ्या वडिलांनी पाहिली असती तर पोटात दुखलं असतं. प्रश्न होता तो उरलेल्या आठ महिन्यांचा.

जमीन खारी, म्हणून झाडं ड्रममध्ये लावली. ड्रम कारखान्याचेच, अर्धे कापलेले. त्यात आधी काय होतं हे विचारल्यावर स्टोअरवाला म्हणाला, "धुतलेत मॅडम, टेन्शन घेऊ नका." मी ते पुन्हा तीनदा धुतले. रोपं माहेरून आणली. आणि माझ्या मदतीला दिल्या गोमाबाई.

गोमाबाई खाडीकडच्या गावातल्या, पन्नाशीच्या. जिथं कारखान्याची भट्टी पेटायची तिथं पूर्वी त्यांची भातशेती होती. जमिनीच्या बदल्यात घरातल्या एकाला नोकरी, असा करार. मुलगा आधीच गोदीत लागलेला, म्हणून आई कारखान्यात आली. आपल्याच शेतात पगारी मजूर. पण त्यांनी त्याचं कधी रडगाणं केलं नाही. त्यांचा सगळा राग अंजिरावर.

"बाय, ह्यो उंबर हाय ना?"

"उंबराच्या जातीचंच आहे, पण हे खातात."

"उंबर खायाला एवरा मोठा काचेचा घर?" त्या म्हणाल्या आणि पदर खोचून पाणी घालायला लागल्या. बोलायच्या एक, पण पाणी घालायच्या मापात.

पहिल्या उन्हाळ्यात आम्ही हरलो. मार्च संपता संपता काचघरातला पारा असा चढला की प्रयोगशाळेतून मागून आणलेला थर्मामीटर दुसऱ्या दिवशी परत मागायला माणूस आला, आम्ही सांगितलेला आकडा ऐकून तो बिघडलाय असं त्यांना वाटलं होतं. ड्रमचा पत्रा हात लावू देईना. आतल्या मुळ्या शिजत होत्या. ड्रमांना ओली गोणपाटं गुंडाळली, जमिनीवर पाणी मारलं, छपराजवळच्या झडपा उघडल्या. झाडांनी पानं टाकली, मग फळं टाकली. उरली त्यांच्यावर लाल कोळी ही कीड पडली. कामगारांनी काचघराचं नाव भट्टी ठेवलं. "मॅडम, खरी भट्टी त्या बाजूला," असं कुणी म्हणालं की सगळी कॅन्टीन हसायची. मीही हसायचे. पोटासाठी माणूस काय काय करतं.

उपाय एकच होता, छपराच्या काचांना चुना मारायचा. ऊन अर्धं अडतं. पण साहेबांची केबिन पहिल्या मजल्यावर आणि तिच्या खिडकीतून नेमकं हेच छप्पर दिसायचं. मी विनंती केली की उत्तर ठरलेलं, "काच आहे ती दिसायला नको का?"

पुढच्या उन्हाळ्यात साहेब दिल्लीला गेले आणि मी चुना मारून घेतला. त्या गडबडीत रंगाऱ्याची शिडी लागून पश्चिमेची एक काच फुटली. नव्या काचेची मागणी स्टोअरकडे गेली आणि तिथं निवांत झाली. मी पाठपुरावा केला नाही, तेवढाच वारा.

साहेब परत आले. सकाळी मला बोलावणं. खिडकीशी उभे होते.

"हे काय केलंत?"

"चुना आहे, सर. पावसात धुऊन जाईल."

"परदेशी पाहुणे येणार आहेत पुढच्या महिन्यात. त्यांना काय दाखवू, चुना?"

"सर, त्यांच्या देशातही उन्हाळ्यात काचघराला चुना मारतात. आमच्या पुस्तकात आहे."

साहेबांचा चेहरा उजळला. "असं? मग आधी सांगायचं नाही का! बाजूनं पण मारायचा का?"

त्या वर्षी अंजिरं आली. मोजकीच, पण आली. जांभळट, देठाशी हिरवी, मधानं ओथंबलेली. पाहुणे आले तेव्हा मी साडी नेसून बशी घेऊन उभी. एका उंच गोऱ्या गृहस्थांनी अंजीर खाल्लं, डोळे मिटले, मग उघडले आणि कपाळाचा घाम पुसत साहेबांना इंग्रजीत विचारलं की इतक्या गरम देशात तुम्ही काचघर कशासाठी बांधलंत?

साहेब आमच्याकडे वळून मराठीत म्हणाले, "त्यांना फार आश्चर्य वाटतंय."

इथवर ही हसायची गोष्ट आहे.

पाहुणे जाऊन फार दिवस झाले नव्हते. मे महिना होता. पिकलेली फळं सकाळीच काढायची, म्हणून मी पहिल्या पाळीच्या बसनं यायचे. गोमाबाई चालत यायच्या. त्या दिवशी आम्ही दोघी काचघरात होतो. मी फळं उतरवत होते, त्या बशीत पानं अंथरत होत्या. एकदम घशात काहीतरी टोचलं. कुणी मिरच्या जाळल्यात असं वाटलं. बाहेर पाहिलं तर ॲसिडच्या विभागाकडून पांढरा धूर जमिनीलगत सरकत येत होता. धूर वर जातो अशी आपली समजूत असते. हा जात नव्हता. पाण्यासारखा पसरत होता.

"दार लावा!" मी ओरडले आणि झडपांच्या दोऱ्या सोडल्या. गोमाबाईंनी दार ओढलं. दाराच्या फटीत आम्ही ओली गोणपाटं कोंबली. फुटक्या काचेच्या जागीही एक कोंबलं, पण ते अर्धं बाहेर लोंबकळत राहिलं. मग तोंडाला ओले पदर लावून मधोमध उकिडव्या बसलो. धूर काचेला येऊन भिडला आणि बाहेरचं काही दिसेना. भोंगा वाजत होता. माणसं पळताना ऐकू येत होती, खोकताना ऐकू येत होती.

गोमाबाई उठल्या. "मना जाऊ दे."

"आत्ता नाही, गोमाबाई."

"वारा कंचा हाय बघ. खारीकडं चाललाय. माजा घर त्याच बाजूला हाय. नातू अजून निजलेला असंल."

सकाळचा वारा जमिनीवरून खाडीकडे वाहतो. मला ते ठाऊक होतं, आणि त्या क्षणी ठाऊक नसतं तर बरं असं वाटलं. मी त्यांचा हात धरून ठेवला. त्यांनी हिसडा दिला, मी सोडला नाही. चिकानं माझी बोटं भाजत होती आणि तोच चीक त्यांच्या मनगटाला लागत होता. काचेपलीकडचं पांढरं जरा विरळ झालं तशी मी हात सोडला. त्या पदर नाकाशी धरून ज्या धावत सुटल्या, त्या गावात जाऊनच थांबल्या.

कुणी दगावलं नाही. हे आधीच सांगते, कारण त्या दिवशी आम्हाला ते संध्याकाळपर्यंत माहीत नव्हतं. डोळे सुजले, छात्या भरल्या, बरीच माणसं इस्पितळात गेली. दळवीसाहेबांनी स्वतःची गाडी गावात पाठवली, आणि दुसऱ्या खेपेला तर गाडीत स्वतः बसून गेले. नातू रडत होता, पण धड होता. गावातल्या झाडांचं मात्र तसं नव्हतं. दुपारपर्यंत शेवगा, केळी, वांग्याचे वाफे, सगळं विस्तवावरून काढल्यासारखं तपकिरी झालं. गोमाबाईंच्या अंगणात एक आंबा होता. जमीन गेल्यावर तेवढाच उरला होता, आणि त्या साली तो फळांनी वाकला होता. चार दिवसांत त्याच्याखाली कैऱ्यांचा सडा पडला.

"आंबा जलला, बाय," त्या कामावर आल्यावर म्हणाल्या. एवढंच. मग त्यांनी अंजिरांना पाणी घातलं.

काचघरातली अंजिरं हिरवीगार होती. फक्त फुटक्या काचेसमोरची एक फांदी, बरोब्बर तेवढीच, जळून काळी झाली होती.

गावानं तक्रार केली. गावाचं म्हणणं, वायूनं झाडं गेली, भरपाई द्या. कारखान्याचं म्हणणं, गळती किरकोळ होती, आवाराबाहेर गेलीच नाही, झाडं उन्हानं आणि रोगानं वाळली. सरकारी तपासनीस येणार असं ठरलं. आदल्या दिवशी साहेब काचघरात आले. पानं हातात घेऊन बघितली.

"मिसेस शितोळे, उद्या त्यांना हेच दाखवायचं. इतकं नाजूक झाड, गळतीच्या जागेपासून हाकेच्या अंतरावर, आणि पानाला डाग नाही. याहून मोठा पुरावा कोणता?"

मी ड्रमातली गळलेली पानं वेचायला लागले.

मग त्यांची नजर वर गेली. "ती वाळकी फांदी तेवढी काढून टाका."

त्या वेळी माझ्या डोक्यात बरंच काही आलं. फ्लॅटचे हप्ते आले, माझ्या यजमानांची, म्हणजे नवऱ्याची, बदली आली. तोंडातून निघालं ते वेगळंच. "मे महिन्यात अंजिराला कात्री लावत नाहीत, सर. फळं आहेत झाडावर. चीक गळतो, फळं सुरकुततात."

"झाडाला इजा होईल?"

"या दिवसांत कात्री बरी नव्हे, सर."

साहेबांनी फांदीकडे पुन्हा पाहिलं. त्यांच्या जागी दुसरा कुणीही असता तर म्हणाला असता, होऊ दे. पण त्या माणसाचं अंजिरावर खरंच प्रेम होतं. "मग राहू दे," ते म्हणाले. जाता जाता दारात थांबले. "उद्या तुम्ही फक्त अंजिरांबद्दल बोला. बाकीचं आम्ही बघू."

तपासनीस तरुण होते, घामाघूम होते आणि उपाशी होते. फाटकाशी गावची माणसं आंब्याचे करपलेले डहाळे घेऊन उभी होती, त्यांच्यातून वाट काढत ते आले. साहेबांनी त्यांना थेट काचघरात आणलं आणि आपलं म्हणणं मांडलं. तपासनिसांनी एक अंजीर खाल्लं, मग दुसरं. गोमाबाई नळी हातात धरून कोपऱ्यात उभ्या.

"झाडं तर उत्तम आहेत," तपासनीस म्हणाले. "मॅडम, हे कसं काय साधलंत?"

मी फक्त अंजिरांबद्दल बोलले. काचघर म्हणजे काय ते सांगितलं. आतली हवा आतच कशी राहते, झडपा कशा मिटतात, ते दाखवलं. धूर दिसल्यावर आम्ही दार कसं लावलं आणि फटीत गोणपाटं कशी कोंबली, तेही सांगितलं, कारण अंजिरं त्याच्यामुळेच वाचली होती. साहेब सुरुवातीला कौतुकानं मान हलवत होते. मग मान थांबली.

तपासनिसांनी वर पाहिलं. "आणि ही एकच फांदी का जळली?"

"तिथं काच नाही, सर."

तपासनिसांनी फांदीकडे पाहिलं, मोकळ्या चौकटीकडे पाहिलं, त्या चौकटीतून पलीकडे गावाकडे पाहिलं. "म्हणजे जिथं काच नाही, तिथं..." ते म्हणाले आणि वाक्य अर्धं ठेवून त्यांनी खिशातून पेन काढलं.

ते गेल्यावर साहेब काचघरात परत आले. मी ड्रमावर बसले होते.

"मे महिन्यात खरंच कात्री लावत नाहीत?"

"नाही लावत, सर." मग म्हटलं, आता काय उरलंय. "एखादी फांदी काढली तर चालतं."

"हे काल नाही सांगितलंत."

"काल तुम्ही विचारलं नाहीत, सर."

मग त्यांनी बशीतलं शेवटचं अंजीर उचललं, सावकाश खाल्लं, रुमालाला हात पुसले. "गोड आहे," म्हणाले आणि गेले.

मला काढून टाकतील अशी सगळ्यांची खात्री होती. यजमानांनी तर घरी मानसिक तयारी सुरू केली होती. पण झालं उलटच, मला बढती मिळाली. कॅन्टीनची भाजीखरेदी माझ्याकडे आली, टेबल मिळालं, पंखा मिळाला. कांदे-बटाटे बघून घेणं हे शेतकी पदवीचं काम आहे असं बढतीच्या पत्रात नव्हतं, पण अर्थ तोच होता. गावाला भरपाई मिळाली, मागितली त्याहून कमी आणि मिळेल वाटलं त्याहून जास्त. ॲसिड विभागावर वायू धुऊन काढणारा मनोरा उभा राहिला. गोमाबाईंच्या आंब्याला दुसऱ्या वर्षी थोडी पालवी आली, तिसऱ्या वर्षी मोहर.

अंजिरं राहिली नाहीत. माझ्या जागी कुणी नेमलंच नाही आणि गोमाबाईंना लॉनवर टाकलं. एका उन्हाळ्यात ती वाळली. ड्रम कंपनीची मालमत्ता म्हणून स्टोअरनं जमा करून घेतले. मी खिडकीतून पाहत होते, कोथिंबिरीच्या जुड्या मोजत. त्या बढतीला मी नाही म्हणू शकले असते का, याचा विचार निवृत्त झाल्यावरही अधूनमधून मनात येतो.

पुढे कायदे कडक झाले आणि प्रत्येक कारखान्याला प्रदूषणावर नजर ठेवायला एक अधिकारी ठेवणं भाग पडलं. त्याला बसायला जागा कुठं? काचघर रिकामंच होतं. छपराचा चुना खरवडून काढला, पडदे लावले, फुटकी काच एका दिवसात आली, आणि एअरकंडिशनर बसला.

एका मे महिन्यात दुपारी वीज गेली. थोड्या वेळानं तो अधिकारी शर्टाची बटणं सोडत बाहेर आला आणि कॅन्टीनच्या सावलीत आमच्याजवळ येऊन धपकन बसला. चांगला मुलगा होता, नवीनच लागलेला. गोमाबाई माझ्यासमोर भाकरी खात होत्या.

"काय उकडतं हो आत!" तो म्हणाला. "माझ्याआधी इथं कोण बसायचं?"

"झारा," गोमाबाई म्हणाल्या.

"झाडं? त्यांना हे सहन व्हायचं?"

गोमाबाईंनी भाकरीचा तुकडा मोडला. "तेंना कोन इचारतो, सायेब?"